मागच्या खोलीपर्यंत ऊब

वानखडेकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी हॉलमध्ये टेकत नसत. बूट काढायचे, अंगावरचे दोन स्वेटर तसेच ठेवायचे आणि घरच्या बाईला "बसा ना" म्हणायची उसंत न देता थेट घरातल्या शेवटच्या खोलीत जायचं. तिथे भिंतीला तळहात लावायचा, मग वाकून जमिनीला, मग वर छताकडे बघायचं, आणि मगच येऊन खुर्चीत बसायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी पुण्याची. पाहुण्यानं न विचारता आतल्या खोलीत शिरावं हे मला पचणारं नव्हतं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळंच दिसतं.

खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "तुमच्या एका घरात दोन गावं आहेत वं. इकडे नागपूर अन् तिकडे चिखलदरा."

चहा टाकता टाकता मी मनात म्हटलं, आल्या मोठ्या शहाण्या. पण त्या बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं.

हे दोन हजार सतरा सालचं, दिवाळीनंतरचं. प्रशांत वानखडे माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे अमेयच्या ऑफिसात, इथे वॉटरफोर्डला, डब्लिनपासून दोन तासांवर. काकू त्याची आई. आमच्या सगळ्यांचे आईवडील जूनमध्ये येतात, डोंगर-समुद्र बघतात, "हवा छान आहे हो" म्हणतात आणि पहिल्या गारठ्याच्या आत पळतात. काकू मुद्दाम हिवाळ्यात आल्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, उन्हात जन्म काढला, आता थंडी कशी असते ते एकदा बघून घेऊ दे. नागपूरच्या एका मुलींच्या होस्टेलात त्या तीस वर्षं मेट्रन होत्या. रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण अंगातली मेट्रन काही रिटायर झाली नव्हती. कुणाचा नळ गळतोय, कुणाचं दार नीट लागत नाही, कोण पोरगी न जेवता झोपली, हे त्यांना दारातूनच कळायचं.

आमचं घर शहराबाहेर. आदल्या वर्षी घेतलं होतं. जुनं, लांबलचक, बैठं घर. एका टोकाला बसायची खोली, तिथे लाकडांचा स्टोव्ह, मग बोळकांडीसारखा लांब पॅसेज, आणि पॅसेजच्या पार शेवटाला आमच्या लेकीची, रेवाची खोली. घर बघायला आलो तो मे महिना होता. उन्हं आत आली होती, मागे गाई चरत होत्या, मी लगेच हो म्हणून टाकलं. अमेय म्हणत होता, अगं थंडीत एकदा बघू. मी ऐकलं नाही. म्हणजे त्या मागच्या खोलीचं पाप माझ्याच माथ्यावर होतं, आणि अमेय ते बोलून दाखवत नव्हता याचाही मला राग यायचा.

ऑक्टोबर लागला की स्टोव्हच्या खोलीत आम्ही टीशर्टवर बसायचो आणि रेवाच्या खोलीत तोंडातून वाफ निघायची. घरात तेलाचा बॉयलर होता, पण पाइपाच्या शेवटी असलेला तिचा रेडिएटर नावापुरताच कोमट व्हायचा. इलेक्ट्रिक हीटर लावला की घराचा फ्यूज उडायचा. कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके, पांघरुणं दमट. रेवा तेव्हा पाच वर्षांची. आदल्या हिवाळ्यात छातीत शिट्ट्या वाजायला लागून दोनदा तिला श्वास लागला म्हणून हॉस्पिटलात ठेवावी लागली होती. त्या रात्रींबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, खोली गरम आणि कोरडी करा, औषधाचं काम निम्मं होईल. सांगायला काय जातंय! घर सोडून भाड्याच्या जागेत जावं तर सगळी पुंजी या घरात घातलेली. शेवटी माझ्या आईनं कोथरूडहून फोनवर निकाल दिला, हिवाळाभर पोरीला माझ्याकडे ठेवा. डिसेंबर ते मार्च. अमेय तिला पोचवून येणार होता. तिकिटं काढून झाली होती. रेवाला आम्ही अजून सांगितलं नव्हतं, आणि मी ते तिकीट ईमेलमध्ये उघडूनसुद्धा बघत नव्हते.

काकू दुसऱ्यांदा आल्या तेव्हा डेक्लन लाकडं उतरवत होता. हा आमचा शेजारी, शेतकरी, लाकडंही विकायचा. काकू बाहेर गेल्या, ढिगातले दोन ओंडके उचलले आणि एकमेकांवर आपटून कान लावला. मग दुसरे दोन. मग एक ओंडका त्याच्या हातात परत दिला आणि स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाल्या की हा वाजत नाही, हा ओला आहे, हा नेऊन ठेव. नागपुरात माठ घेताना जसा वाजवून घेतात तसंच चाललं होतं त्यांचं. डेक्लनला एक अक्षर कळलं नसणार. पण त्यानं ओंडका हातात तोलला, त्यांच्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं अर्धी रास परत ट्रेलरमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी कोरडी लाकडं घेऊन आला आणि मला म्हणाला, "युअर वुमन नोज हर टिंबर." म्हणजे तुमच्या या बाईंना लाकडातलं कळतं. पुढे ते दोघं कुंपणापाशी उभे राहून आपापल्या भाषेत दहा-दहा मिनिटं बोलायचे. काय बोलायचे देव जाणे.

आता माझा एक गुन्हा सांगून टाकते. स्टोव्हच्या खोलीत, सोफ्याच्या मागे भिंतीत तळहाताएवढी एक जाळी होती. तिच्यातून गार वारा यायचा. आपण इथे लाकडं जाळून खोली तापवतोय आणि भिंतीला भोक पाडून ठेवलंय, कुठल्या शहाण्यानं हे केलं, असं म्हणून मी त्या भोकात जुन्या कपड्यांचा बोळा कोंबला होता. त्यानंतर स्टोव्ह कुरकुरायला लागला. काच काळी व्हायची, दार उघडलं की धूर तोंडावर. संध्याकाळी डोकं ठणकायचं, पण ते मी ऑफिसच्या मीटिंगांवर ढकलायचे. रेवाला एक-दोनदा उबेत म्हणून तिथे सोफ्यावर झोपवलं तर खोकला उलट दुप्पट झाला.

काकू त्या खोलीत पाच मिनिटं बसल्या आणि उठल्या. म्हणाल्या, विस्तव गुदमरून राह्यला. सोफा सरकवला, हात घातला आणि बोळा बाहेर ओढला. "हे कोनं कोंबलं?"

मी म्हणाले, आधीच्या मालकानं असेल. म्हणजे बघा, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी मेट्रनसमोर होस्टेलच्या पोरीसारखी थाप मारली. काकूंनी बोळा सोडवला. आत अमेयचे मोजे, माझ्या ओढणीचा एक तुकडा, आणि हे सगळं ज्यात बांधलं होतं ती लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, दुकानाचं नाव मराठीत छापलेली. काकूंनी पिशवी वाचली. घडी केली. माझ्या हातात दिली. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग त्यांनी वर बघून विचारलं की ते पांढरं डबडं काय आहे. विस्तव अर्धवट जळला की जो विषारी वायू होतो, त्याचा अलार्म. वाजत का नाही? तर त्यात बॅटरीच नव्हती. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म दर फोडणीला बोंबलायचा, म्हणून वैतागून अमेयनं एका रविवारी घरातल्या झाडून सगळ्या अलार्मांच्या बॅटऱ्या काढल्या होत्या. कुठला कशाचा हे बघितलंही नव्हतं. पुण्याचे दोन इंजिनिअर! काकूंनी अमेयला स्टुलावर चढवलं आणि बॅटऱ्या घालून प्रत्येकाचं बटण दाबून दाखवायला लावलं. स्वयंपाकघरातला मात्र त्यांनीच सांगितल्याप्रमाणे चुलीपासून लांब लावला. त्या संध्याकाळी माझं डोकं दुखलं नाही. मोहरीच्या फोडणीपायी आपण पोरीला काय करून बसलो असतो, हे तेव्हा कळलं. पण वाचलो. तो एक मोठा सुस्कारा.

नोव्हेंबरच्या मध्यावर बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला आला, आत डोकं घालून म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल, पण स्टोव्ह आहे ना, मग ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत सगळं मजेत. त्याच आठवड्यात प्रशांतला कामासाठी डब्लिनला जावं लागलं, तो तिथे मित्राकडे राहणार होता, म्हणून काकू आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आमची खोली देऊ केली. त्या बॅग घेऊन सरळ रेवाच्या खोलीत गेल्या. रेवा आमच्यामध्ये झोपत होतीच. मी म्हटलं, काकू, तिथे बर्फ आहे, काहीतरीच काय. तर म्हणाल्या, होस्टेलात सगळ्यात वाईट खोली जी असेल तिथे उन्हाळ्यात आधी मी झोपत होती, त्याशिवाय पोरींचं सांगणं खरं का खोटं कळणार कसं.

आणि त्यांचं एक साधं यंत्र होतं. संध्याकाळी रेवाचं एक ओलं बनियन पिळून खोलीतल्या खुंटीला लावायचं, सकाळी हात लावून बघायचं. पहिल्या सकाळी ते लावलं तसंच्या तसं ओलं होतं.

अमेयनं आपली सगळी विद्या पणाला लावली. बिनविजेचा, स्टोव्हवर ठेवला की आपोआप फिरणारा एक छोटा पंखा त्यानं आधीच आणला होता. शिवाय एक टेबलफॅन स्टोव्हशेजारी ठेवून तोंड पॅसेजकडे केलं, म्हणजे गरम हवा मागे ढकलली जाईल. प्रत्येक खोलीत थर्मामीटर, फोनमध्ये त्याचे आलेख. पंखा फुल्ल. पॅसेजमध्ये कागद उडत होते, आणि मागची खोली तेरा डिग्रीला ढिम्म. दुसऱ्या सकाळीही बनियन ओलं.

त्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि काकू भाजत होत्या. रेवा शाळेत. मी तिकिटाचं त्यांना सांगितलं. खरं म्हणजे स्वतःलाच समजावत होते. म्हटलं, नाहीतरी जाणारच आहे ती, कशाला या खोलीची एवढी खटपट. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

काकूंनी तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बंद केला.

"मी बी चारच महिने म्हनलं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, कुणाला तरी लाटणं कुठे ठेवलंय ते सांगावं इतक्या सरळ आवाजात. त्या मेट्रन झाल्या तेव्हा प्रशांत पाच वर्षांचा होता. नवरा वारलेला. राहायला मिळाली ती होस्टेलाच्या वरच्या मजल्यावरची शेवटची खोली, गच्चीखालची. उन्हाळ्यात पोराला ऊन लागायचं, ताप डोक्यात जायचा. यवतमाळला बहिणीकडे पाठवलं. मार्च ते जून. जूनमध्ये तिथेच शाळेत नाव घातलं, कारण वर्ष मोडू नये. मग पुढचा उन्हाळा आला. असं करता करता तो दहावी होऊन परत आला. चांगला पोरगा आहे, म्हणाल्या, दर महिन्याला पैसे धाडायचा, आता इथे बोलावून घेतलं. "पन पाहुण्यावानी वागवते मले. बसा, घ्या, दमल्या काय. मावशीवर मात्र खेकसते."

मला तेव्हा कळलं की प्रशांत आपल्या आईला अहो-जाहो का करतो. आम्हाला ती वऱ्हाडाकडची रीत वाटली होती.

मी पुढची पोळी लाटायला घेतली. काकूंनी गॅस पुन्हा लावला. म्हणाल्या की पोराला पाठवल्यावर त्या उन्हाळ्यापासून होस्टेलातल्या प्रत्येक मजल्याची शेवटची खोली गार कशी होईल याच्या त्या मागे लागल्या. तेव्हा त्यांना कळलं की होस्टेलात सगळेच उलटं करत होते. मग एकदम गॅस बंद करून, पोळी तशीच टाकून पॅसेजमध्ये गेल्या.

देवापुढची उदबत्ती पेटवून त्यांनी रेवाच्या खोलीच्या दारात धरली. वर, मग मध्ये, मग खाली. धूर कुठेच जात नव्हता, तिथल्या तिथे गिरक्या घेत होता. अमेय त्या दिवशी घरूनच काम करत होता, तोही हेडफोन काढून बघत उभा राहिला. काकूंनी त्याला विचारलं, अमेयबाबू, खोलीत कूलर लावला अन् खिडक्या सगळ्या बंद केल्या, तर काय होते? अमेय म्हणाला, आमच्याकडे पुण्यात कूलर नव्हता. काकूंनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मग समजावलं की नागपूरच्या शेंबड्या पोराला माहीत असतं, समोरची खिडकी उघडल्याशिवाय कूलर काम करत नाही, खोली नुसती घामट होते. आतली हवा बाहेर जाईल तेव्हाच नवी आत येईल.

"तुमची ती खोली थंड हवेनं गच्च भरून आहे. भरल्या लोट्यात पानी कसं जाईन? थंडी तिकडून काढा. गरम हवा आपल्या पायानं येते, तिले ढकलाले नाही लागत."

त्यांनी टेबलफॅन उचलला, रेवाच्या दारात थेट जमिनीवर ठेवला, तोंड स्टोव्हच्या दिशेनं केलं आणि अगदी हळू सोडला. माझा विश्वास बसेना. गोठलेल्या खोलीत पंखा लावायचा, आणि तोही गार वारा आपल्या अंगावर येईल असा! पॅसेजमध्ये पायांना लगेच थंडी लागायला लागली. अमेय काहीतरी बोलणार होता, पण काकूंनी उदबत्ती दाराच्या वरच्या चौकटीपाशी धरली. धूर सरळ खोलीच्या आत गेला. खाली धरली, तर सरळ बाहेर, पंख्यासोबत, स्टोव्हकडे. वरून आत, खालून बाहेर. अमेयनं ती उदबत्ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः चार वेळा वरखाली करून बघितली. मग हळूच फोन खिशात टाकला.

खोलीची काही भट्टी झाली नाही. संध्याकाळपर्यंत पंधरा, मग सोळा, आणि दुसऱ्या दिवशी सतराला येऊन थांबली. पण सकाळी काकूंनी बनियन आणून माझ्या हातात दिलं ते कोरडं होतं, फक्त शिवणीत जरा ओल. त्याच्या पुढच्या सकाळी शिवणही कोरडी. मी ते बनियन गालाला लावलं आणि रडले. काकूंनी मला रडू दिलं, आणि मग दूध उतू चाललंय म्हणून सांगितलं.

बॉयलर आठ दिवसांनी दुरुस्त झाला, पण पंखा तिथेच राहिला. बुरशी घासून काढली. रेवा आपल्या खोलीत झोपायला गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासली, पुन्हा तपासली, आणि म्हणाल्या, जे काय करताय ते करत राहा. पार्किंगमधूनच मी अमेयला फोन केला, तिकीट रद्द कर. तो म्हणाला, सकाळीच केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला न विचारता काहीतरी केलं आणि मला राग आला नाही. आईला कळवलं तर ती जरा हिरमुसली, पण आई ती आई, म्हणाली, बरं झालं गं, लेकरू आपल्यापाशीच बरं.

काकूंनी याचं श्रेय कधी घेतलं नाही. पुण्याच्या लोकांना हवा कळत नाही एवढं मात्र त्या चारचौघांत, माझ्यादेखत, तीनदा तरी म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. मी!

जानेवारीत त्या परत गेल्या. नंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं येणं झालं नाही. निघायच्या दिवशी प्रशांत विमानतळावर नेण्याआधी त्यांना आमच्याकडे घेऊन आला. तो गाडीतच थांबला, इंजिन चालू ठेवून, कारण उशीर झाला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती, गवत पांढरं पडलं होतं.

काकू आत आल्या आणि नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेल्या. रेवा तिथे पलंगावर पालथी पडून चित्र काढत होती. आज्जी म्हणून हाक मारली, पण मान काही वर केली नाही. काकू तिच्याशेजारी बसल्या. मग वाकल्या आणि रेवाच्या पाठीवर कान टेकला. रेवा खुदखुदली. "आय अ‍ॅम ग्रँड, आज्जी," म्हणाली. काकू हलल्या नाहीत. डोळे मिटलेले, एक हात तिच्या केसांवर. बराच वेळ झाला तसं मी पलंगाजवळ गेले.

"काय झालं काकू? काही ऐकू येतंय का?"

"नाई वं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "काहीच नाई वाजत."

आणि तरी तशाच राहिल्या, कान लावून. रेवाही चित्र काढायची थांबली होती. बाहेर प्रशांतनं हॉर्न दिला, एकदा, मग पुन्हा. मी बाहेर गेले, त्याच्या खिडकीची काच वाजवली, आणि त्याला गाडी बंद करून आत यायला सांगितलं.